राख

पहाटे साडेपाचला रोदामावशी
रुळाचा तुकडा हातोडीनं बडवते,
तेव्हा पन्हाळ्यावर ती आणि कावळे, एवढेच जागे.
आम्ही चाळीस पोरी एका लांब खोलीत
सोलापुरी चादरीत पाय आखडून
आणखी पाच मिनिटं चोरतो.
मग नळाशी रांग. मे महिना, तरी पाणी चावतं.
गडहिंग्लजची तबिथा दात घासता घासता
आजचं पाठांतर म्हणते, फेसासकट.

मोबाईल पहिल्याच दिवशी जमा झाले
तांदळाच्या रिकाम्या डब्यात.
दोन दिवस डबा मधूनच वाजायचा:
कुणाची तरी आई, कुणाचं तरी रिचार्ज.
तिसऱ्या दिवशी बॅटऱ्या मेल्या
आणि डबा परत डब्यासारखा झाला.

सहाला शांत वेळ.
ज्यानं त्यानं आपापलं झाड धरायचं,
शास्त्र मांडीवर, डोळे पानावर.
मी करवंदीच्या जाळीशेजारी बसतो.
मीखाच्या पुस्तकावर अजून आहे
माझ्या अंगठ्याचा जांभळा ठसा.
(‘बसतो’च म्हणतो आम्ही.
पुण्याच्या अनुग्रहाताई रोज हसतात,
मुली असून ‘जातो’, ‘खातो’ काय गं?
तबिथा म्हणाली, असंच असतंय की ताई,
देवाला कळतंय.)

नाश्ता, गीतं, अभ्यास, भात-आमटी,
रेव्हरंड हिवाळ्यांचं दुपारचं घोरणं,
आणि चार वाजता व्हॉलीबॉल.
बुधवारी बॉल तटावरून खाली गेला,
पाठोपाठ शद्रख आवळे गेला,
तासाभरानं वर आला
बॉल नाही, कुणाची तरी शेळी घेऊन.
संध्याकाळच्या प्रार्थनेत ती शेळी
प्रत्येक आमेनला ओरडली.

शेवटच्या रात्री शेकोटी.
पेटवायचं काम शद्रखलाच दिलं,
सर म्हणाले, तुझं नावच तसलं, तुला काय होणार नाही.
डाव्या भुवईचा अर्धा भाग गेला.
मग सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा:
जे जड झालंय ते लिहा आणि सोडून द्या.
खाली कोल्हापूरचे दिवे, जोतिबाकडून वारा,
आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
इचलकरंजीचा एक पोरगा,
आठ दिवस ज्याचा आवाज ऐकला नाही,
किती वेळ लिहीत होता.
पाठीकडची बाजू भरली, मग कडेनं उभं लिहिलं.
टाकताना त्याचा हात
आगीच्या फारच जवळ गेला.

सकाळी माझी भांड्यांची पाळी.
मावशी म्हणाली, जा, शेकोटीतली राख आण.
घमेलं घेऊन गेलो.
निखारे पांढरे, आणि कडेला, दगडाखाली,
एक चिठ्ठी, निम्मी वाचलेली:
‘आईला मी खोटंच सांगितलं की’
पुढं काळी कड.
अक्षर कुणाचं, कळेना.
तबिथाचं असू शकेल. त्या पोराचं. ताईंचं पण.
काडेपेटी नव्हती जवळ.
दुमडून फ्रॉकच्या खिशात ठेवली.

मावशीनं राख बोटांत चोळून बघितली.
लाकडाची हाय ती घे, म्हणाली,
कागदाची नुसती उडती, तिनं काय निघत न्हाई.
आम्ही आमटीचं मोठं पातेलं आडवं केलं.
मी आत वाकून घासायला लागलो,
बाहेरून तिनं विचारलं,
तू काय लिवलीस गं राती?
पातेल्यात आवाज घुमला माझा:
काहीच नाही, मावशी. कोराच टाकला.
बराच वेळ तिचा हात चालत राहिला,
नारळाची किशी, खर्र खर्र.
मग म्हणाली, मी बी.

एसटी साडेदहाची होती.
डबा उघडला, मोबाईल वाटले, सगळे मेलेले.
अर्ध्या भुवईचा शद्रख टपावर बॅगा फेकत होता,
शेळी कुणी न्यायला आलंच नाही,
ती मावशीच्या दारात बांधलेली.
वळणावर मी खिशात हात घातला.
बोटांना अजून राखेचा वास,
आणि आईला काय काय सांगायचं
ते मनात लावून बघत होतो
वाघबीळ येईस्तोवर.